व्हिसेऱ्याची बरणी आणि राज्याचे अंदाजपत्रक

१ जुलै २०२४ रोजी देशात नवे फौजदारी कायदे अमलात आले. त्यांतील भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १७६ व्या कलमाने तपासयंत्रणेवर एक मोठी जबाबदारी टाकली आहे. सात वर्षे वा त्याहून अधिक शिक्षेस पात्र असलेल्या प्रत्येक गुन्ह्यात न्यायसहायक विज्ञानाच्या तज्ज्ञाने गुन्ह्याच्या जागी जाऊन पुरावा गोळा केला पाहिजे आणि त्या कामाचे चित्रीकरणही झाले पाहिजे. राज्यांना तयारीसाठी पाच वर्षांपर्यंतची मुदत ठेवलेली आहे. तरतूद स्वागतार्ह आहे, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. कोठडीतील मारहाण आणि पढवून उभे केलेले पंच यांच्यावर ज्या तपासाची भिस्त आजवर राहिली, त्या तपासात कष्टकरी, दलित आणि भटके-विमुक्त यांचेच बळी जात आले. पुरावा माणसाच्या पाठीतून न काढता वस्तूतून काढावा, ही मागणी मुळात पुरोगामी चळवळीची आहे. प्रश्न एवढाच की, अकरा तालुके आणि २०११ च्या जनगणनेनुसार ४३ लाखांवर लोकवस्ती असलेल्या सोलापूरसारख्या जिल्ह्यात हे काम करणार कोण, आणि करणाऱ्याचा पगार कोणत्या खात्यावर पडणार?

महाराष्ट्राला ही व्यवस्था अपरिचित नाही. मुंबईत सरकारी रासायनिक पृथक्करणाची प्रयोगशाळा १८७० पासून होती. पोलीस ठाण्यात आणि कोर्टात प्रयोगशाळेच्या अहवालाला आजही ‘सी.ए. रिपोर्ट’ म्हणतात, ती त्या इंग्रजी काळातील ‘केमिकल अ‍ॅनालायझर’ची आठवण होय. १९५८ मध्ये गृहखात्याच्या अखत्यारीत न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा उभी राहिली. तिचे मुख्यालय मुंबईत कालिन्याला आहे. पुढे नागपूर, पुणे, औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर), नाशिक, अमरावती, नांदेड, कोल्हापूर येथे प्रादेशिक प्रयोगशाळा निघाल्या. सोलापूरचे नमुने वर्षानुवर्षे अडीचशे किलोमीटरवरील पुण्यास जात राहिले. अलीकडे सोलापूर, धुळे, चंद्रपूर, रत्नागिरी अशा ठिकाणी ‘लघु’ प्रयोगशाळा आल्या. ही सुधारणा आहे, हे मान्य केले पाहिजे. परंतु ‘लघु’ हा शब्दही नीट वाचला पाहिजे. मोजक्याच शाखा, मोजकीच माणसे, आणि डीएनए, बंदुकीच्या गोळ्या किंवा आवाजाचे नमुने आले की पुन्हा पुण्या-मुंबईची वाट, असा त्याचा अर्थ आहे.

हा विषय कार्यकर्त्यांच्या बैठकीत सहसा निघत नाही. पाणी, ऊस, यंत्रमाग, विडी कामगारांचे वेतन यांच्या रांगेत प्रयोगशाळा बसत नाही, ती पोलिसांची बाब समजली जाते. म्हणून एका बरणीचा प्रवास पाहणे उपयोगाचे ठरेल.

संशयास्पद मृत्यू झाला की शवविच्छेदन करणारे डॉक्टर जठर व त्यातील द्रव्य, आतड्याचा भाग, यकृत व मूत्रपिंड यांचे तुकडे मिठाच्या संपृक्त द्रावणात घालून बरणी सीलबंद करतात. हा व्हिसेरा. मृत्यूचे कारण लिहावयाच्या जागी ‘रासायनिक तपासणी अहवाल येईपर्यंत मत राखून ठेवले’ असे लिहिले जाते. पोलीस ठाण्यातील मुद्देमाल कारकून बरणीची नोंद करतो आणि एक शिपाई बरणी, पत्र व सीलचा नमुना घेऊन प्रयोगशाळेकडे निघतो. पत्रात त्रुटी असली, सील फुटलेले असले, तर तो बरणीसह परत येतो. त्या दिवशी बंदोबस्त असला (आणि पंढरपूरच्या वारीच्या काळात तो सर्वांनाच असतो) तर बरणी ठाण्यातच राहते. सोलापूरचा उन्हाळा सर्वांच्या परिचयाचा आहे. कीटकनाशकांतील सेंद्रिय फॉस्फरसयुक्त विषे सडणाऱ्या ऊतींमध्ये काळाबरोबर विघटन पावतात. बरणी जितकी रेंगाळेल, तितका त्यातील पुरावा विरत जातो. अखेर ‘विष आढळले नाही’ असा अहवाल आला, तर विष नव्हतेच की ते वाट पाहता पाहता नाहीसे झाले, हे सांगणारा कोणी उरत नाही.

आता या बरणीच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या घराकडे पाहावे. पंढरपूर-सांगोल्याच्या पट्ट्यात द्राक्षे आणि डाळिंबे आहेत, म्हणजे फवारणी आहे. फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी मेला, तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेखाली वारसाला दोन लाख रुपये मिळावयाचे असतात. त्यासाठी द्यावयाच्या कागदांत विषबाधेच्या प्रकरणी रासायनिक तपासणीचा अहवाल येतो. अहवाल नाही तर प्रकरण अपूर्ण, आणि अपूर्ण प्रकरण म्हणजे तालुक्याच्या कार्यालयात पडून राहिलेली फाईल. दरम्यान घर चालावयाचे असते. दोन लाखांची गरज सावकाराकडून भागवली आणि व्याज शेकडा तीन रुपये महिना धरले, तर महिन्याला सहा हजार, वर्षाला बहात्तर हजार रुपये विधवेच्या अंगावर चढतात. सरकारने रसायनतज्ज्ञाची एक जागा न भरून जो पगार वाचवला, तो असा वाचलेला नसतो. तो तिच्याकडून व्याजासह वसूल झालेला असतो, फक्त कोणत्याही अंदाजपत्रकात त्याची नोंद नसते. (सातबाऱ्यावर ज्याच्या घराचे नाव नाही, त्या शेतमजुराला तर ही योजना दारातही उभी करीत नाही. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.)

हेच गणित तुरुंगातही लागू पडते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांप्रमाणे २०२२ च्या अखेरीस देशातील तुरुंगांत असलेल्यांपैकी सुमारे ७६ टक्के लोक कच्चे कैदी होते. खटला उभा न राहण्याची कारणे अनेक आहेत आणि सर्वांचा दोष प्रयोगशाळेवर ढकलणे अन्यायाचे होईल. पण अहवाल आलेला नाही म्हणून तारीख पडते, हे कोणत्याही फौजदारी वकिलाला ठाऊक आहे. अहवालाविना दाखल केलेले दोषारोपपत्र पुरे समजावे की अपुरे, यावर निरनिराळ्या न्यायालयांनी निरनिराळी मते दिली आहेत. ज्याच्याजवळ पैसा आहे तो या मतभेदाचा फायदा घेऊन जामिनावर सुटतो. ज्याच्याजवळ नाही, त्याला ही कलमे सांगणारा वकीलही भेटत नाही. शिवाय सरकारी तज्ज्ञाचा अहवाल तज्ज्ञाला न बोलावताही पुरावा म्हणून वाचता येतो. जुन्या संहितेत हे २९३ वे कलम होते, नव्या संहितेत ते ३२९ वे आहे. श्रीमंत आरोपी स्वतःचा तज्ज्ञ उभा करून त्या अहवालाला आव्हान देतो. यंत्रमागावर काम करणाऱ्याला त्या अहवालाची प्रत वाचून दाखवणारा मिळाला तरी पुष्कळ.

प्रयोगशाळेत एवढा तुंबारा कशाचा होतो, हेही पाहिले पाहिजे. येणाऱ्या नमुन्यांत दारूबंदी कायद्याच्या नमुन्यांचा वाटा मोठा असतो. १९४९ चा हा कायदा. हातभट्टीवर छापा पडला की १८० मिलीच्या बाटलीत नमुना घ्यायचा, सील करायचा, तपासणीस पाठवायचा. सोलापूरच्या परिसरातील तांड्यांवर पिढ्यान्पिढ्या असे छापे पडत आले आणि बाटल्या जात राहिल्या. छाप्यांनी भट्टी बंद झाली नाही, कारण भट्टीखेरीज दुसरा रोजगार नव्हता. २०२१ मध्ये तत्कालीन ग्रामीण पोलीस अधीक्षक तेजस्वी सातपुते यांनी मुळेगाव तांड्यासह अनेक ठिकाणी ‘ऑपरेशन परिवर्तन’ हाती घेतले आणि छाप्याबरोबर पर्यायी उपजीविकेचा विचार केला, तेव्हा निदान प्रश्नाचे मूळ पोलीस खात्यालाही दिसले, हे नमूद करणे उचित आहे. रोजगार हमीवर किंवा शिवणयंत्रावर खर्च केलेला रुपया प्रयोगशाळेच्या टेबलावरील एक बाटली कमी करतो, असा हा संबंध आहे. याचा अर्थ दारूचे नमुने तपासूच नयेत असा नव्हे. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईत मालवणीला मिथेनॉल मिसळलेल्या दारूने शंभराहून अधिक गोरगरीब मेले. तेथे वेळीच झालेली तपासणी म्हणजे जीव वाचवणेच होय. पण तांड्यावरील नेहमीची बाटली आणि संशयित विषारी दारू यांत अग्रक्रम लावावयाचा, तर लावणारा माणूस हवा, आणि गाडे पुन्हा माणसांच्या संख्येवरच येऊन थांबते.

माणसांच्या प्रश्नावर सरकारचे उत्तर यंत्रांचे असते. केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२४ मध्ये २०२४-२५ ते २०२८-२९ या काळासाठी २,२५४.४३ कोटी रुपयांची न्यायसहायक पायाभूत सुविधांची योजना मंजूर केली. आकडा मोठा आहे. परंतु योजनेचा भर राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठाची नवी आवारे आणि केंद्राच्या स्वतःच्या प्रयोगशाळा यांवर आहे. जिल्ह्यातील लघु प्रयोगशाळेतील सहायक रासायनिक विश्लेषकाचा दरमहाचा पगार त्यात बसत नाही. राज्याने २०२५ मध्ये फिरत्या प्रयोगशाळांच्या गाड्यांचा पहिला ताफा रस्त्यावर आणला. गाड्या हव्यातच. मात्र गाडी मुख्यतः पुरावा गोळा करते. यकृताच्या तुकड्यातील विष ओळखण्याचे काम अखेर प्रयोगशाळेतच होते. गोळा करण्याची क्षमता वाढवायची आणि तपासण्याची तेवढीच ठेवायची, म्हणजे कालव्याचे तोंड रुंद करून चारी अरुंद ठेवण्यासारखे आहे. उजनीच्या लाभक्षेत्रातील शेतकऱ्याला ही उपमा अधिक समजावून सांगावी लागणार नाही.

असे का होते याचे कारण अंदाजपत्रकाच्या घडणीत आहे. इमारत, गाडी, यंत्र हा भांडवली खर्च असतो. तो एकदाच होतो, केंद्राकडून मिळतो, त्याची फीत कापता येते. वेतन हा महसुली खर्च असतो. तो दरवर्षी येतो, राज्याच्या माथी पडतो, आणि तुटीच्या वर्षी त्याच्यावरच पहिली कात्री चालते. जागा मंजूर असतात, पण भरल्या जात नाहीत. भरल्या तर कंत्राटावर भरतात. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठातील संशोधकांनी देशातील प्रयोगशाळांची पाहणी करून २०२३ मध्ये अहवाल प्रसिद्ध केला. त्यात मंजूर पदांपैकी सुमारे ४० टक्के पदे रिकामी आढळली. अकरा महिन्यांच्या नेमणुकीवर असलेला तज्ज्ञ पाच वर्षांनी सत्र न्यायालयात साक्षीस उभा राहील, अशी अपेक्षा ठेवणारे शासन आशावादी खरेच.

छोट्या जिल्ह्याला प्रयोगशाळा परवडत नाही, असा युक्तिवाद सचिवालयातून केला जातो आणि तो सर्वस्वी पोकळ नाही. डीएनए तपासणीची यंत्रे महाग आहेत, त्यांना लागणारी रसायने महाग आहेत. रोज पुरेसे काम असल्याखेरीज तज्ज्ञाचा हातही तयार राहत नाही. प्रत्येक जिल्ह्यात असे केंद्र काढणे म्हणजे यंत्रे धूळ खात ठेवणे ठरेल. म्हणून सर्व ठिकाणी सर्व काही, अशी मागणी करण्यात अर्थ नाही. पण या युक्तिवादाची मर्यादा पाहिली पाहिजे. व्हिसेरा, रक्तातील मद्य, संशयित दारू, रक्ताचे डाग या तपासण्यांचे काम प्रत्येक जिल्ह्यात बारा महिने असते आणि त्यांत विलंबाने पुरावा बिघडतो. त्या जिल्ह्यातच आणि पुरेशा कायम माणसांनिशी झाल्या पाहिजेत. क्वचित लागणाऱ्या व खर्चिक तपासण्या प्रादेशिक ठिकाणी राहोत, पण तेथवर नमुना थंड पेटीतून ठरावीक दिवशी नेण्याची व्यवस्था प्रयोगशाळेची असावी. ती बंदोबस्तावरून सुटलेल्या शिपायाची नसावी. सोलापुरात १९६३ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे, २००४ पासून विद्यापीठ आहे. रसायनशास्त्राचे पदवीधर येथे दरवर्षी बाहेर पडतात आणि पुण्याच्या औषध कंपन्यांत नोकरी शोधतात. माणसे मिळत नाहीत, ही सबब निदान सोलापूरबाबत सांगू नये.

मग खाजगी प्रयोगशाळांना काम द्या, असे सुचवणारेही आता पुढे येत आहेत. त्यांनी इंग्लंडकडे पाहावे. तेथील सरकारने तोट्याचे कारण देऊन आपली न्यायसहायक विज्ञान सेवा मार्च २०१२ मध्ये बंद केली आणि काम बाजारावर सोपवले. २०१७ मध्ये मँचेस्टरमधील एका खाजगी प्रयोगशाळेतील विषतपासणीच्या आकड्यांत फेरफार झाल्याचे उघड झाले आणि दहा हजारांहून अधिक प्रकरणे पुन्हा तपासण्याची वेळ आली. अमेरिकेतील काही राज्यांची तऱ्हा तर याहून विलक्षण. तेथे आरोपी दोषी ठरला तरच त्याच्याकडून प्रयोगशाळेचे शुल्क वसूल होते. ज्या संस्थेचे उत्पन्न शिक्षेवर अवलंबून, तिच्या तराजूचा काटा कोणीकडे झुकेल, हे सांगण्यास अर्थशास्त्राच्या पदवीची आवश्यकता नाही.

छोट्या जिल्ह्यातील दुर्लक्षाची किंमत महाराष्ट्राने मोजलेली आहे. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजीत एका दलित कुटुंबातील चौघांची हत्या झाली. मृत मायलेकींवर अत्याचार झाला होता की नाही, याची पहिल्या शवविच्छेदनाच्या वेळी जी तपासणी व्हावयास हवी होती, ती नीट झाली नाही. मृतदेह उकरून पुन्हा तपासावे लागले, तोवर शरीर सडलेले होते. पुढे खटल्यात बलात्काराचा आरोप उभा राहू शकला नाही. तेथे जातीचा दबाव होता, यंत्रणेची बेपर्वाई होती, हे सर्व खरेच. पण पहिल्या चोवीस तासांत जाणता तज्ज्ञ तेथे असता, तर दबावाला एवढे मोकळे रान मिळाले नसते. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. कीटकनाशकाचा शरीरावरील परिणाम दाखवणारी कोलिनेस्टरेजची रक्ततपासणी करण्याची सोय तेथील सरकारी रुग्णालयात त्या वेळी नव्हती. मेलेल्याच्या रक्तात काय होते याचा कागदच नसल्यावर कंपनीला न्यायालयात ओढणार कशाच्या बळावर? दोन्ही ठिकाणी पुरावा नव्हता असे नव्हे, तो वेळेत कागदावर आला नाही.

याच्या उलट पुण्याचे उदाहरण आहे. मे २०२४ मध्ये कल्याणीनगरात भरधाव मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला. अल्पवयीन चालकाच्या रक्ताचा नमुना सरकारी रुग्णालयात बदलण्यात आला, असा पोलिसांचा आरोप आहे. दुसऱ्या रुग्णालयात घेतलेल्या नमुन्याशी डीएनए ताडून पाहिल्यावर ही बाब पुढे आली. खटल्याचा निकाल काय लागायचा तो लागो. पण साऱ्या देशाचे लक्ष लागल्यावर प्रयोगशाळा दिवसांत उत्तर देऊ शकते, हे त्यावरून सिद्ध झाले. मंगळवेढ्याच्या रस्त्यावर ऊसतोड मजुरांच्या गाडीला धडक बसते तेव्हा चालकाच्या रक्ताची बरणी ज्या रांगेत उभी राहते, ती रांग मात्र वेगळी असते.

यंत्रणा वाढवताना तिचा मालक कोण, हाही मुद्दा टाळता येणार नाही. आज तपास करणारे पोलीस आणि पुरावा पडताळणारी प्रयोगशाळा दोन्ही गृहखात्याच्या छत्राखाली आहेत. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने २००९ मध्येच अशा प्रयोगशाळा पोलिसांच्या प्रशासनापासून अलग काढाव्यात असे सुचवले होते. मार्शल लॉ पाहिलेल्या आणि १२ जानेवारी १९३१ रोजी ज्याचे चार सुपुत्र येरवड्यात फासावर गेले त्या सोलापूरला, आरोप करणारा आणि तो तपासणारा एकाच सत्तेच्या हाताखाली असला म्हणजे काय होते, हे नव्याने शिकवण्याची गरज नसावी. प्रयोगशाळांचे अंदाजपत्रकी शीर्ष स्वतंत्र असावे आणि त्यांचा वार्षिक अहवाल, प्रलंबित नमुन्यांच्या जिल्हावार आकड्यांसह, विधिमंडळापुढे यावा, एवढी मागणी तरी पुढच्या अर्थसंकल्पी अधिवेशनापूर्वी लोकप्रतिनिधींच्या हाती गेली पाहिजे.

त्यासाठी आकडे हवेत, आणि ते मुंबईहून येण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. अकराही तालुक्यांतील कार्यकर्त्यांनी २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली आपापल्या पोलीस ठाण्याला विचारावे की गेल्या तीन वर्षांत किती नमुने तपासणीस पाठवले, किती अहवाल आले, सहा महिन्यांहून अधिक काळ मृत्यूचे कारण राखून ठेवलेली प्रकरणे किती, आणि त्यांतील विषबाधेची किती. तहसील व कृषी कार्यालयांत अपघात अनुदानाचे किती अर्ज केवळ या अहवालासाठी अडले आहेत, हे दुसऱ्या अर्जाने विचारावे. सोलापूरच्या प्रयोगशाळेत मंजूर पदे, भरलेली पदे व कंत्राटी माणसे किती, हे तिसऱ्याने. अर्जावर दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावावे लागते, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेही लागत नाही.